कमी दिवसांच्या बाळाच्या अंगी दूध लागावं म्हणून: टप्प्याटप्प्याने काय करायचं आणि कुठे चुकतं

सकाळचा राउंड संपला की एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराशी एकच प्रश्न ऐकू येतो: "सिस्टर, आज किती ग्रॅम?" वीस वाढले की चेहरे खुलतात, पाच उतरले की दिवस जातो. इतकी वर्षं हा प्रश्न ऐकल्यावर मला वाटतं की तो अर्धाच विचारला जातो. त्या वीस ग्रॅममध्ये पाणी असतं, चरबी असते, पोटात साठलेली शी असते आणि स्नायूही असतात. काटा यातलं काहीच वेगळं करून सांगत नाही. कमी दिवसांचं बाळ अपेक्षित तारखेला पोचतं तेव्हा पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा त्याच्या अंगावर साधारणपणे स्नायू कमी आणि चरबीचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे वजन गाठलं तरी बाळ भरलंच असं नाही.

खाली दिलेला क्रम मुख्यतः ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोच्या आतल्या बाळांच्या आई-बाबांसाठी आहे. दूध किती द्यायचं, त्यात काय मिसळायचं, कधी वाढवायचं हे डॉक्टरच ठरवतील. पण ठरलेलं बाळाच्या पोटात नीट पोचतंय का, यावर लक्ष ठेवणं घरच्यांच्या हातात असतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

## आधीची तयारी: एक वही, चार आकडे

मोबाइलमध्ये नको, कागदाची वही घ्या. आई, बाबा, आजी, ज्याची पाळी असेल त्याला ती उघडता आली पाहिजे. पहिल्या पानावर लिहा:

- जन्म किती आठवडे आणि दिवसांचा
- जन्माचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर
- अपेक्षित तारीख
- आजचं वय दोन प्रकारे: जन्मापासूनचं आणि करेक्टेड (बाळ अपेक्षित तारखेला जन्मलं असं धरून येणारं)

करेक्टेड वयाचा हिशोब सोपा आहे. ४० मधून जन्माचे आठवडे वजा करा आणि जो फरक येईल तो आजच्या वयातून वजा करा. ३० आठवड्यांचं जन्मलेलं बाळ आज १६ आठवड्यांचं असेल, तर करेक्टेड वय ६ आठवडे. हा आकडा पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

## टप्पा १: दूध सुकू देऊ नका

बाळाला दिवसाला चार-पाच चमचेच दूध लागतंय, मग इतक्यांदा काढायचं कशाला, असं वाटतं. इथेच घोळ होतो. छाती बाळाच्या वजनाकडे बघून दूध तयार करत नाही, किती वेळा रिकामी होते त्यावर करते. पहिल्या दोन आठवड्यांत जे बसतं तेच पुढे टिकतं.

१. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, जमलं तर पहिल्या तासात आणि उशिरात उशिरा ६ तासांच्या आत पहिलं दूध काढायला घ्या. सुरुवातीचं चिकाचं दूध थेंबाथेंबाने येतं. ते पंपाच्या भांड्याला चिकटूनच संपतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस हाताने काढा आणि थेंब सरळ सिरिंजमध्ये ओढून घ्या.

२. २४ तासांत ८ ते १२ वेळा काढा. रात्री निदान एकदा उठाच. दोन वेळांमध्ये ५ तासांपेक्षा मोठा खंड नको.

३. दूध उतरायला लागलं की दोन्ही बाजूंना एकदम पंप लावा आणि धार थांबल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवा. शेवटचं दूध सगळ्यात स्निग्ध असतं.

४. प्रत्येक वेळचं माप वहीत लिहा. एका वेळच्या मापावरून काही ठरवू नका, २४ तासांची बेरीज बघा. दुसरा आठवडा संपता संपता ती ५०० मिलिलिटरच्या पुढे गेली असेल तर पुढची चिंता बरीच मिटते.

तपासा: बेरीज सलग दोन दिवस घटली तर त्याच दिवशी सिस्टरला किंवा स्तनपान सल्लागाराला सांगा. आठवडा थांबलात तर परत वर येणं अवघड जातं.

आईचं दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या मातांनी दान केलेलं, पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय. त्यात प्रथिनं सहसा आणखी कमी असतात, त्यामुळे टप्पा ४ अशा बाळांसाठी दुप्पट महत्त्वाचा.

## टप्पा २: काढलेलं दूध वाटेत सांडू नका

सांडणं म्हणजे जमिनीवर सांडणं नव्हे. एकदा दुधाने भरलेली सिरिंज आडवी ठेवून अर्धा तास बघा. वरच्या कडेला पिवळसर थर जमतो. ती साय, म्हणजे त्या दुधातल्या ऊर्जेचा साधारण निम्मा वाटा. बाळाच्या पोटात जाणाऱ्या नळीत आडव्या सिरिंज पंपातून हळूहळू दूध सोडलं की खालचं पातळ दूध आधी जातं आणि साय सिरिंजला, नळीला चिकटून राहते. वहीत २० मिलिलिटर लिहिले जातात आणि बाळाला मिळतं पाणचट दूध.

- भांडं हलक्या हाताने गोल फिरवा, जमलेली साय मिसळू द्या, मग सिरिंज भरा.
- सिरिंज पंपावर असेल तर तिचं टोक वरच्या दिशेला करता येईल का, ते सिस्टरला विचारा. म्हणजे साय आधी जाते.
- एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं ओतत राहू नका. प्रत्येक भांडं आपला वाटा ठेवून घेतं.

साठवणीचे नियम थोडक्यात. ताजं दूध खोलीच्या तापमानाला, २५ अंशांपर्यंत, ४ तास. फ्रिजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला, ४ दिवसांपर्यंत. मात्र दाखल बाळांसाठी युनिटचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. फ्रीझरमधून काढून वितळलेलं दूध २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. प्रत्येक भांड्यावर नाव, तारीख, वेळ.

सावधान: मायक्रोवेव्ह नको. दूध कुठे कोमट, कुठे उकळतं होतं आणि बाळाचं तोंड भाजतं. कोमट पाण्यात भांडं धरणं पुरे.

## टप्पा ३: नळीची सुरुवात, घाई नाही

सुरुवातीला दूध पोट भरायला नसतं, आतडं जागं करायला असतं. अगदी लहान बाळांना दिवसाला किलोमागे १० ते २० मिलिलिटर एवढ्यावरच ठेवतात आणि बाकीचं पोषण शिरेतून जातं. त्या सलाइनमध्ये अमिनो आम्लं आणि स्निग्ध पदार्थही असतात, म्हणून "दूध नाही म्हणजे उपाशी आहे" असं समजू नका. पुढे दूध साधारण किलोमागे रोज २० ते ३० मिलिलिटरने वाढवत १५० ते १८० पर्यंत नेतात.

नळीत थोडं दूध मागे आलं, एक फीड थांबवलं, यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. मात्र पुढची लक्षणं दिसली तर राउंडची वाट बघू नका, त्या क्षणी हाक मारा: पोट फुगून ताठ होणं किंवा त्याचा रंग बदलणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, बाळ एकदम मलूल पडणं.

## टप्पा ४: प्रथिनांचं गणित स्वतः करून बघा

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा आहे. आईच्या दुधाला तोड नाही हे खरं, आणि "मग त्यात वरून काही कशाला?" हा प्रश्नही बरोबर. उत्तर आकड्यांत आहे.

समजा बाळ १५०० ग्रॅमचं आहे आणि त्याला किलोमागे १६० मिलिलिटर दूध चालू आहे. दिवसाचं झालं २४० मिलिलिटर, म्हणजे दर दोन तासांनी २०. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं धरली, तर दिवसाला २.९ ग्रॅम, किलोमागे १.९. या बाळाला लागतात किलोमागे ३.५ ते ४ ग्रॅम. अर्ध्याच्या आसपास तूट. पोट भरलेलं, दूध उत्तम, तरी तूट, कारण पोटात असताना या आठवड्यांत नाळेतून येणारा पुरवठा याच्या दुप्पट होता आणि छातीचं दूध पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वाढीला बेतलेलं असतं.

ही तूट भरायला ह्यूमन मिल्क फॉर्टिफायर, म्हणजे आईच्या दुधात घालायचं प्रथिनं आणि खनिजांचं मिश्रण, मिसळतात. तो मिसळल्यावर तेच दूध १०० मिलिलिटरला साधारण २.४ ग्रॅमवर गेलं, तर किलोमागे ३.८ ग्रॅम झाले. गणित बसलं. त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरसही मिळतं. स्नायू धरून ठेवायला हाडंही हवीत, आणि हाडांचा बहुतेक साठा शेवटच्या तिमाहीत भरला जातो. तोच काळ या बाळांचा हुकलेला असतो.

आता दुसरी बाजू. प्रथिनं विटा आहेत, पण गवंड्याला मजुरी लागते. ऊर्जा कमी पडली तर शरीर त्याच विटा जाळून शेक घेतं. म्हणून दिवसाला किलोमागे ११५ ते १४० किलोकॅलरी आणि पुरेशी प्रथिनं, दोन्ही एकाच वेळी लागतात. उलट नुसतं तेल किंवा साखर घालून कॅलरी वाढवल्या तर वजन चढतं, पण चरबीचं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, हेच शब्द वापरा:

१. आज बाळाला किलोमागे किती ग्रॅम प्रथिनं मिळताहेत?

२. फॉर्टिफायर कधी सुरू होणार, किंवा कशासाठी थांबवला आहे?

३. वाढ मंद असेल तर रक्तातला युरिया बघून प्रथिनं वाढवायची गरज आहे का? दूध नीट पचत असताना युरिया फारच कमी येत असेल, तर प्रथिनं कमी पडत असण्याची शक्यता असते.

नेहमीच्या चुका: फॉर्टिफायर अंदाजाने मिसळणं, सकाळीच दिवसभराचं दूध मिसळून ठेवणं, जेव्हा पाकिटावर वेगळी वेळमर्यादा लिहिलेली असते, आणि सगळ्यात वाईट, "घट्ट दूध ताकदीचं" म्हणून फॉर्म्युल्याची पावडर एक चमचा जास्त टाकणं. घट्ट केलेल्या दुधाचा भार मूत्रपिंडावर आणि आतड्यावर पडतो. साखरपाणी, मध, ग्लुकोज यांतलं काहीही नको.

## टप्पा ५: ऊर्जेची गळती बंद करा

खाल्लेलं स्नायूत जायचं की अंग गरम ठेवण्यात संपायचं, हे बऱ्याच अंशी बाळाला सांभाळण्यावर ठरतं.

कांगारू केअर इथे औषधासारखं काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत ते शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाला ८ ते २४ तास द्यायला सांगितलं आहे. अर्धा तास फोटोपुरतं धरणं म्हणजे कांगारू केअर नव्हे. उघड्या छातीवर उघडं बाळ, फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. पाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका बाजूला, किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा. बाबांची छातीही तितकीच उबदार असते.

- बाळाला उठवण्याची कामं एकत्र उरका: लंगोट, तापमान, नळी, मग झोप. दर वीस मिनिटांनी कुणी तरी हात लावला तर झोपेतली वाढ मोडते.
- गादीवर असताना बाजूने गुंडाळलेल्या कापडाचं घरटं करा. हातपाय दुमडलेले आणि मधल्या रेषेकडे हवेत. टेकायला कड मिळाली की बाळ ढकलतं, आणि तो ढकलण्याचा जोरच त्याचा व्यायाम.
- हातपाय ओढून, वाकवून स्वतः व्यायाम देऊ नका. यांची हाडं ठिसूळ असू शकतात. फिजिओथेरपिस्ट शिकवतील तेवढंच, त्यांच्या देखत शिकून.

जंतुसंसर्ग झाला, स्टेरॉइड द्यावं लागलं, तर काही दिवस शरीर स्नायू मोडून वापरतं. त्या आठवड्यात वाढ थांबली तर आईच्या दुधाला दोष देऊ नका.

## टप्पा ६: मोजायचं तर नीट मोजा

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन १० टक्क्यांपर्यंत, खूप लहान बाळांत त्याहून थोडं जास्तही, उतरतं. ते मुख्यतः पाणी असतं. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येतं. वाढीचा हिशोब तिथून धरा.

वजन. तोच काटा, तीच वेळ, फीडच्या आधी, लंगोटही काढून. नळीचा किंवा वायरचा भार वरच्यावर धरा. ३० मिलिलिटर दूध पोटात असेल तर काटा ३० ग्रॅम जास्त दाखवणारच, त्यात वाढ काही नाही. रोजचा आकडा लिहा, पण निर्णय आठवड्याचा घ्या:

सोमवारी १५०० ग्रॅम, पुढच्या सोमवारी १६९०. वाढ १९० ग्रॅम, भागिले ७ म्हणजे रोज २७. आठवड्याचं सरासरी वजन १.५९५ किलो. २७ ला त्याने भागलं की १७. म्हणजे दिवसाला किलोमागे १७ ग्रॅम. १५ ते २० च्या मध्ये आहे, छान. बाळ २ किलोच्या पुढे गेलं की किलोचा हिशोब सोडून दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम बघा.

लांबी. स्नायूंचा खरा साक्षीदार हाच, आणि नेमकं हेच माप सगळ्यात वाईट घेतलं जातं. झोपलेल्या बाळाशेजारी टेप धरून केलेली मोजणी एक-दीड सेंटिमीटर सहज चुकते, आणि आठवड्याची अपेक्षित वाढच साधारण १ सेंटिमीटर! लांबीची पाटी हवी आणि माणसं दोन हवीत. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघा हलकेच सरळ करून तळव्याला सरकती फळी लावायची. आठवड्यातून एकदा पुरे.

डोक्याचा घेर. भुवयांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा:

- वजन चढतंय, लांबी दोन आठवडे जागेवर: चरबी जमतेय. प्रथिनांचा प्रश्न परत काढा.
- तिन्ही मंद: एकूण आहारच कमी पडतोय, किंवा आजार आहे.
- एका दिवसात वजनाची मोठी उडी, पापण्या सुजलेल्या: पाणी साठलंय. पेढे नंतर, आधी डॉक्टर.
- डोकं एकदम झपाट्याने वाढतंय: त्याच दिवशी सांगा.

वाढीचा तक्ता कोणता, हेही विचारा. कमी दिवसांच्या बाळांसाठी अपेक्षित तारखेनंतर १० आठवड्यांपर्यंत फेंटनचा तक्ता चालतो, इंटरग्रोथ-२१चा त्याहून पुढे जातो; त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते, करेक्टेड वयाने. शेजारच्या पूर्ण दिवसांच्या बाळाशी तुलना कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

## टप्पा ७: नळीतून तोंडाकडे

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो आणि पुढे पक्का होतो. त्याआधी तोंडाने पाजण्याचा हट्ट धरला तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

१. आधी रिकाम्या छातीवर चोखू द्या, तेव्हाच नळीतून दूध जाऊ द्या. तोंडातलं चोखणं आणि पोट भरणं यांची सांगड इथे बसते.

२. मग दिवसातून एक-दोन फीड छातीवर किंवा वाटी-चमच्याने, बाकी नळीने. बाळ जागं, तोंड हलवतंय, हात तोंडाकडे नेतंय, तेव्हाच.

३. एक फीड २० ते ३० मिनिटांत आटोपा. उरलेलं नळीने. तासभर ओढत पाजलं तर जेवढं कमावलं तेवढं घाम गाळण्यातच जातं.

या बदलात आठवडाभर वजन मंदावतं, त्याला कारण हेच श्रम. अशा वेळी नळी काढायची घाई नको.

सावधान: ओठ निळे पडणं, श्वास थांबणं, ठसका, नाकातून दूध येणं, अंग एकदम ढिलं पडणं. यातलं काहीही दिसलं तर पाजणं तिथेच बंद.

## टप्पा ८: घरी जाताना आणि नंतर

डिस्चार्जच्या दिवशी सगळे बॅगा भरण्यात असतात आणि फॉर्टिफायरचं काय, हा प्रश्न राहून जातो. एकदम बंद, छातीवरच सगळं, आणि दोन आठवड्यांनी तक्त्यावरची रेघ खाली. कागदावर लिहून घ्या: पुढेही फॉर्टिफायर किंवा खास फॉर्म्युला चालू ठेवायचा का, दिवसातून किती फीडमध्ये, किती दिवस.

पावडरचं दूध असेल तर ती पावडर निर्जंतुक नसते हे लक्षात ठेवा. उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत मिसळा, मग गार करा. चमचा सपाट.

थेंबांचं असं: ड जीवनसत्त्व दिवसाला निदान ४०० युनिट, आणि लोह किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम, साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू होतं. फॉर्टिफायरमध्ये दोन्ही असू शकतात, म्हणून वरून किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बाटली बदलली की ताकद बदलते. नवी बाटली आणली की एका मिलिलिटरला किती, ते लेबलवर वाचून डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघा. लोहाचा डोस किलोवर असल्याने वजन वाढेल तसा तो बदलायला हवा, आणि हे हमखास विसरलं जातं.

घरी काटा घेऊ नका असं मी सांगते. सुरुवातीला आठवड्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर मोजा. रोजचं बघायचंच असेल तर दिवसाला सहा तरी ओले लंगोट आणि फीडसाठी स्वतःहून जागं होणं बघा. झोपवताना पाठीवर, जागं असताना, समोर बसून, दिवसातून काही वेळा दोन-तीन मिनिटं पोटावर. मानेचे आणि खांद्याचे स्नायू त्यातूनच कामाला लागतात.

वरचं अन्न करेक्टेड वयाने साधारण सहा महिन्यांच्या आसपास, डॉक्टरांशी बोलून. मान धरते का, आधाराने बसतं का, चमचा जिभेने बाहेर ढकलणं थांबलं का, हे तीन आधी बघा. यातलं एकही "नाही" असेल तर चमचा आठवडाभर खाली ठेवा आणि परत बघा.